एका दमात वरचं धरण

बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत माईकसमोर जी बाई बसायची, तिला सगळे माईकमावशी म्हणायचे. ड्रायव्हर म्हणायचे, कंडक्टर म्हणायचे, चहावाला म्हणायचा. एकदा तर खुद्द तिच्या नवऱ्यानेच खिडकीत डोकं घालून, "काय माईकमावशी, घरी येताय ना?" असं भर लोकांत विचारलं होतं. तिने माईक बंद न करताच उत्तर दिलं, "तुम्ही व्हा पुढे, कुकर लावा." त्या दिवशी अख्ख्या स्टँडला कळलं की मिस्त्रींच्या घरात कुकर कोण लावतं.

नवरा डेपोच्या गॅरेजात मिस्त्री होता, आता निवृत्त. माणूस गरीब, पण गाड्यांच्या बाबतीत भारी हट्टी. माईकवर जो मोजा चढवलेला असायचा तो त्याचाच. फुंकरीचा आवाज येऊ नये म्हणून तो तिने चढवला होता आणि दर आठवड्याला न चुकता धुवायची. दुसऱ्या मोज्याचं काय झालं, असं कुणी विचारलं की मिस्त्री म्हणायचे, "तो पायात घालतो. एका पायात."

तर या बाईचं काम काय, तर गाडी लागली की ती कुठे कुठे जाणार ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा! सगळ्यात लांबची गाडी वरच्या धरणाची, आणि तिची यादी अशी: जुना पूल, पाण्याची टाकी, भाजी बाजार, कोर्ट, टेलिफोन ऑफिस, साबण कारखाना, सरकारी दवाखाना, रेल्वे फाटक, वीटभट्टी, दगडखाण, जंगल नाका, खालचं धरण, वरचं धरण. ही सगळी यादी ती एका दमात म्हणायची. मधे श्वास घ्यायचा नाही.

ही काही मिजास नव्हती. तिच्या आधी त्या खुर्चीवर जे दादा बसायचे त्यांनी तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, गाडी फाटकातून आत येऊन तिची पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय तिचं नाव घ्यायचं नाही. दुसरी, यादी तोडायची नाही. कारण त्या स्टँडच्या लोकांची सवयच तशी पडली होती. आवाज चालू आहे तोवर सगळे बसलेले, कान टवकारून. आवाज थांबला, की यादी संपली. ज्याचं गाव आलं तो पिशवी उचलून उठणार, ज्याचं नाही आलं तो पुन्हा पेपरात डोकं खुपसणार. आवाज थांबणं हीच तिथली शिट्टी.

पहिल्या नियमाची किंमत सगळ्यांनी पाहिली होती. मावशी एकदा रजेवर असताना बदलीवर आलेल्या गड्याने नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखली आणि ठोकून दिलं नाव. साबण कारखान्याच्या मैदानावर खेळायला निघालेला एक अख्खा फुटबॉल संघ भलत्याच गाडीत बसून, बूट-बीट घालून, तुरुंगाच्या दारात जाऊन उतरला. समोरच्या संघाने सामना न खेळता जिंकला. तेव्हापासून स्टँडवर कुणी अंदाजाने काही बोललं की लोक म्हणायचे, "फुटबॉल करू नकोस."

आता दुसरा नियम मोडला त्या दिवसाची गोष्ट.

संध्याकाळची शेवटची वरच्या धरणाची गाडी लागली होती. मावशीने पाटी वाचली, माईक ओढला आणि सुरू केलं. जुना पूल, पाण्याची टाकी... रेल्वे फाटकापर्यंत आली आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ गेली, जणू कुणी आतून चिमटा काढला. तिचा श्वास तुटला. एक क्षण, फार तर दोन. मग तिने पुढची नावं कशीबशी म्हटली, पण तोवर उठणारे उठले होते, गलका सुरू झाला होता आणि गाडी सुटली होती.

थोड्या वेळाने खिडकीशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. वरच्या धरणाचा जुना चौकीदार. आठवड्यातून एकदा शहरात बुद्धिबळ खेळायला यायचा आणि बहुतेक वेळा हरून परत जायचा.

"बाई, आमचं गाव आज बंद आहे का?"

"बंद कशाला असेल? गाडी गेली की आत्ता!"

"तुम्ही फाटकापर्यंतच सांगितलंत."

"मी? अहो आजोबा, कान तपासून घ्या," मावशी फणकारली. "इतकी वर्षं मी यादी म्हणतेय..." आणि तिथेच तिला खोकला आला. कोरडा, खरखरीत, थांबता थांबेना. खोकता खोकता तिच्या लक्षात आलं की म्हातारा खरं बोलतोय. ती इतकी ओशाळली की त्याला सरळ घरीच घेऊन आली. गाडी आता सकाळीच होती, आणि ज्या माणसाची गाडी आपण चुकवली त्याला बाकावर कसं झोपवायचं?

घर तिसऱ्या मजल्यावर. सुनेने ताट वाढलं, मिस्त्रींनी बुद्धिबळाचा पट काढला आणि चक्क हरले. म्हाताऱ्याला बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हरवायला मिळालं होतं. तो खुशीत आला आणि त्या खुशीतच म्हणाला, "बाई, जिना चढताना तुम्ही दोनदा थांबलात. मी एकदाही नाही. माझं वय तुमच्या वडलांएवढं."

सून म्हणाली, "मी किती दिवस सांगतेय आईंना! संध्याकाळी अंग तापतं, जेवण अर्ध्यावर आलंय, ब्लाउज ढगळ झालेत."

"काचेच्या खोलीत बसून बघ, तुझंही अंग तापेल," मावशी म्हणाली. "आणि खोकला डिझेलच्या धुराचा आहे."

"माझं आयुष्य धुरात गेलं," मिस्त्री पटाकडे बघतच म्हणाले, "मी कुठे खोकतो?"

मग काय, गल्लीतल्या डॉक्टरकडे जाणं आलं. त्यांनी औषध दिलं, लाल, गोड. बाटली संपली. मग गोळ्या दिल्या. त्याही संपल्या. खोकला आपला जागच्या जागी. तोवर मावशीने स्टँडवर एक युक्ती काढली होती. दम फाटकापर्यंतच पुरतो ना? मग यादी उलटी म्हणायची! वरचं धरण, खालचं धरण, जंगल नाका, असं लांबून जवळ यायचं. लांबच्यांना ही एकच गाडी, ती चुकून चालणार नाही. आणि जुन्या पुलाच्या लोकांचं नाव राहिलंच, तर त्यांना चालायला काय झालंय? पूल स्टँडवरून दिसतो.

जुन्या पुलाचे लोक चिडले. पण वरच्या धरणाची माणसं हरखून गेली. जन्मात कधी त्यांच्या गावाचं नाव पहिलं आलं नव्हतं. शाळेत नाही, निवडणुकीत नाही, कशातच नाही. चौकीदार आजोबा तर नाव ऐकून मुद्दाम जागचे उठायचेच नाहीत, पूर्ण यादी होईपर्यंत ऐटीत बसून राहायचे.

शेवटी गल्लीतल्या डॉक्टरनेच छातीचा एक्सरे काढायला लावला. फोटो उजेडासमोर धरला तेव्हा कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. डावीकडे सगळं काळंभोर, मोकळं. उजवीकडे खालचा अर्धा भाग पांढराफटक.

"फुप्फुसाभोवती पाणी झालंय," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात जा. छातीच्या डॉक्टरांना दाखवा."

छातीत पाणी. हे शब्द तिने आधी ऐकले होते, थोरल्या बहिणीच्या वेळी. तिच्या छातीत असंच पाणी झालं होतं, काढलं की पुन्हा भरायचं. ते कॅन्सरचं होतं, आणि बहीण त्यातून उठली नाही. मावशीने फोटो पाकिटात घातला, पाकीट पिशवीत घातलं आणि घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. मिस्त्रींची तर पाचावर धारण बसली. ही बाई गप्प आहे म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे त्यांना फोटोपेक्षा त्यावरून जास्त कळलं.

मोठ्या दवाखान्यातली छातीची डॉक्टर म्हणजे एक तरुण, उंच, चष्मेवाली बाई. तिने मावशीला पाठमोरं बसवलं आणि पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटाने टकटक करत वरून खाली आली. वर टणटण, खाली एकदम बद्द.

"अरेच्चा!" मिस्त्री न राहवून बोलले. "टाकीत डिझेल किती आहे ते आम्ही असंच बघायचो."

"मग सांगा, कुठवर भरली आहे?" डॉक्टरीणबाईने हसून विचारलं.

मिस्त्रींनी पुढे होऊन बायकोच्या पाठीवर टकटक केली. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोची टाकी तपासायची ही पहिलीच वेळ. "अर्ध्याच्या खाली," ते म्हणाले.

"हात काढा," मावशी म्हणाली. फोटो पाहिल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

जागा बधिर करून पाठीतून सुई घातली आणि पाणी काढलं. मावशीला वाटलं होतं रक्त निघेल. निघालं ते पिवळसर, बिनदुधाच्या फिक्या चहासारखं. बाटली भरत गेली तसा तिला श्वास घेता येऊ लागला. पाणी निघून गेल्यावर तिने एक लांब श्वास ओढून पाहिला, कण्हली, आणि तरीही पुन्हा ओढला.

मग तिने विचारलंच. आडपडदा ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. "डॉक्टरीणबाई, माझी बहीण अशीच गेली. मला तेच आहे का?"

"माहीत नाही, मावशी. फुप्फुसाला दोन पातळ पडदे असतात, त्यांच्यामध्ये हे पाणी साठलंय. ते टीबीने साठतं, न्यूमोनियाने साठतं, हृदय थकलं तरी साठतं, आणि कॅन्सरनेही साठतं. पाण्याची तपासणी करू. बघितल्याशिवाय मी नाव घेणार नाही."

मिस्त्री खट्टू झाले. एवढं शिकलेली बाई आणि म्हणते माहीत नाही! पण मावशीने मान डोलावली. "बरोबर आहे. पाटी वाचल्याशिवाय नाव घ्यायचं नसतंच." बाहेर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "ही पोरगी कामाची आहे."

पाण्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईने सरळ भाषेत सांगितलं. पाण्यात ज्या पेशी सापडल्या आणि जे घटक वाढलेले दिसले, ते टीबीकडे बोट दाखवत होते. पण टीबीचा जंतू काही सापडला नव्हता. थुंकीतही नाही, पाण्यातही नाही.

"टीबीच्या पाण्यात जंतू फार थोडे असतात," ती म्हणाली. "ते पडद्याला चिकटून बसतात. म्हणून पाण्यात मिळाले नाहीत म्हणजे नाहीतच, असं म्हणता येत नाही."

"मग टीबीच्याच गोळ्या सुरू करा ना!" मिस्त्री जागचे उठले. "बोट तिकडेच दाखवतंय म्हणताय ना? द्या गोळ्या!"

"तरुण पोर असतं तर कदाचित दिल्याही असत्या. पण यांचं वय बघता, आणि बहिणीचं ऐकल्यावर, मला खात्री करायची आहे. बरगड्यांमधून बारीकसा कॅमेरा घालून पडदा डोळ्यांनी बघायचा आणि तपासायला त्याचे दोन-चार कण काढायचे. दुसरंच काही निघालं आणि आपण महिनोन् महिने टीबीच्या गोळ्या देत बसलो, तर वेळ वाया जाईल."

आता खरं सांगायचं तर मावशीला तो कॅमेरा नको होता. गोळ्या घ्यायच्या, टीबीच आहे असं धरून चालायचं, आणि ते दुसरं नाव कधी ऐकायचंच नाही, हा मार्ग किती सोपा होता! पाटी वाचली तर त्यावर काहीही लिहिलेलं असू शकत होतं. ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. ते डोळ्यांनी विनवत होते, गोळ्या घे, गोळ्या घे.

"अहो," ती म्हणाली, "फुटबॉल करायचा नाही."

मिस्त्री खाली बसले. डॉक्टरीणबाईला काही कळेना, तेव्हा तिला तुरुंगाच्या दारात उतरलेल्या संघाची सगळी हकीकत सांगावी लागली. ती इतकी हसली की बाहेरच्या पेशंटांनी दार ढकलून आत डोकावलं.

कॅमेऱ्याच्या दिवशी मावशीला कुशीवर झोपवलं. जागा बधिर केली होती, थोडी गुंगीही होती, पण ती पूर्ण झोपली नव्हती. डॉक्टरीणबाई कॅमेऱ्याच्या टीव्हीवर आतलं बघत होती.

"दिसली का पाटी?" मावशीने जड जिभेने विचारलं.

"दिसली. पण धूळ आहे. पुसून वाचते."

"काय दिसतंय ते तरी सांग!"

"पडद्यावर बारीक बारीक पांढरे दाणे आहेत. मला जे वाटतंय ते चांगलं आहे, पण मी बोलणार नाही. तुम्ही तरी बोलला असता का?"

"नसते बोलले," मावशी म्हणाली, आणि मनातल्या मनात त्या पोरीला एक शिवी आणि एक आशीर्वाद दिला.

रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते. त्या दिवसांत मावशीने जे आरंभलं ते ऐका. ती वस्तू वाटत सुटली. सुनेला म्हणाली, "ही चांगली शाल तू घे, मला आता काय करायची आहे." शेजारणीला आपली भरतकामाची कात्री दिली. स्टँडच्या कंट्रोलरला आपली लाकडी मुठीची छत्री दिली, चहावाल्याला थर्मास. चौकीदार आजोबांना घड्याळ देऊ केलं, तर ते म्हणाले, "बाई, आमच्या गावाला वेळ तुम्हीच सांगता, घड्याळ घेऊन मी करू काय?" आणि घेतलं नाही. मिस्त्रींना ती म्हणाली, "तुम्हाला तो माईकवरचा मोजा परत." मिस्त्रींनी मोजा हातात घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकरकडे तोंड करून रडले. सुनेने पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

रिपोर्टाच्या दिवशी तिघंही गेली. डॉक्टरीणबाईने कागद वाचला, चष्मा वर केला आणि या वेळी अजिबात वेळ लावला नाही.

"मावशी, पाटी वाचली. टीबी आहे. काढलेल्या कणांत टीबीच्याच गाठी आहेत आणि जंतूही सापडला. कॅन्सरचा मागमूस नाही. नेहमीच्या गोळ्या त्याला लागू पडतील. साधारण सहा महिने, एकही दिवस न चुकता. पूर्ण बऱ्या व्हाल."

मावशीने डोळे मिटले. मग उघडले. मग तिच्या तोंडून जी आरोळी निघाली ती अर्ध्या दमाचीच होती, पण बिनमाईकची असूनही औषधाच्या खिडकीपर्यंत गेली: "टीबीऽऽ! अहो, टीबी आहे मला, टीबी!"

बाहेरच्या बाकावरची माणसं दचकून एकमेकांपासून लांब सरकली. आतून आनंदाने ओरडत बाहेर येणारा टीबीचा पेशंट त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मागून डोळे पुसत नवरा, आणि त्याच्यामागे खो खो हसणारी सून. डॉक्टरीणबाई दारात येऊन ओरडली, "अहो, ऐकून तरी जा! घरातल्यांचीही तपासणी करून घ्यायची आहे!" तेव्हा तिघं पुन्हा आत गेली आणि शहाण्यासारखी बसली. थुंकीत जंतू नसल्यामुळे इतरांना लागण व्हायची भीती फारशी नव्हती, तरी सगळ्यांनी एकदा तपासून घ्यायचं ठरलं. मग डॉक्टरीणबाईने गोळ्या समजावल्या आणि म्हणाली, "लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. औषधाचा रंग आहे."

"रेडिएटरमध्ये रंगीत पाणी घालतात तसं," मिस्त्री म्हणाले. "गळती कुठून आहे ते कळतं."

"तुम्ही गप्प बसा," मावशी म्हणाली. जीव भांड्यात पडल्यावर तिला पुन्हा नवऱ्यावर ओरडायची ताकद आली होती.

परतताना मिस्त्रींनी मिठाईचा मोठा खोका घेतला. दुकानदाराने विचारलं, "काय विशेष? नातू झाला?"

"नाही, बायकोला टीबी झाला."

दुकानदाराचा हात खोक्यावरच थांबला. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं, आणि या जोडप्यात नेमकं कोण कुणावर इतकं खूश आहे याचा त्याला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही.

आणि मग सुरू झाली वसुली! घरात पाऊल टाकल्याबरोबर मावशी सुनेला म्हणाली, "ती शाल आण इकडे."

"आई, दिलेली वस्तू परत घेतात का?"

"मरणाऱ्याने दिली होती. मी कुठे मेले?"

शेजारणीला दारातच उभी करून तिने मिठाईचा तुकडा दिला आणि कात्री मागितली. शेजारीण टीबीचं नाव ऐकून दोन पावलं मागे सरली. मावशीने तिला तिथल्या तिथे सगळं समजावून सांगितलं, पडदे, पाणी, जंतू, सहा महिने, अगदी नारिंगी रंगासकट. शेजारणीला निम्मं कळलं, पण कात्री मिळाली. थर्मास आला, मिस्त्रींकडून मोजाही आला. छत्री मात्र कंट्रोलर गाडीत विसरला होता, ती कायमची गेली. ते मावशीने पुढे वर्षभर त्याला ऐकवलं.

गोळ्या सोप्या नव्हत्या. सुरुवातीला मळमळायचं, तोंडाची चव गेली, पाय जड झाले. एके सकाळी ती कंटाळून म्हणाली, "आजचा एक दिवस राहू दे." तेव्हा मिस्त्री पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहिले आणि म्हणाले, "यादी तोडायची नाही." तिने घेतली. पुन्हा कधी तसं म्हणाली नाही. ताप गेला, भूक आली, ब्लाउज अंगाला बसायला लागले. अशक्तपणा जाईपर्यंत तिने रजा घेतली. त्या काळात बदलीच्या गड्याने स्टँड सांभाळला आणि पाटी वाचूनच नावं घेतली, कारण मावशी घरून फोन करून त्याला रोज झापायची.

मग ती कामावर रुजू झाली. दम अजून पुरता आला नव्हता, म्हणून यादी उलटीच चालू राहिली. आधी जंगल नाक्यानंतर श्वास तुटायचा, मग वीटभट्टीपर्यंत गेला, मग दवाखान्यापर्यंत. घरी ती जिना चढताना यादी पुटपुटायची. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कोर्ट आलं की सून टाळ्या वाजवायची.

गोळ्या संपल्या. शेवटचा फोटो निघाला. उजवी बाजूही काळीभोर, मोकळी. अगदी तळाशी एक बारीकशी रेघ राहिली होती. "ती राहू दे, खूण म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाली, "काही त्रास नाही तिचा." मावशीने तिला विचारलं, "आता एका दमात?" ती म्हणाली, "म्हणून बघा, आणि मला कळवा."

त्या संध्याकाळी मावशी खुर्चीत बसली तेव्हा तिला एक वेगळाच पेच पडला होता. दम परत आला होता, म्हणजे यादी पुन्हा सुलटी व्हायला हवी. जुन्या पुलाचे लोक तर केव्हाचे मागे लागले होते. पण समोर बाकावर चौकीदार आजोबा बसले होते, काठीवर हनुवटी टेकून, आपलं नाव पहिलं ऐकायला. याच म्हाताऱ्याने जिन्यातली गोष्ट बोलून दाखवली नसती, तर ती अजून डिझेलच्या धुरालाच शिव्या देत बसली असती. त्याला पुन्हा शेवटी ढकलायचं?

गाडी फाटकातून आत आली. मावशीने पाटी वाचली, पूर्ण वाचली. मोजा नीट केला. छाती भरून श्वास घेतला, अगदी तळापर्यंत, त्या रेघेपर्यंत. कुठेही दुखलं नाही.

"वरचं धरण," तिने सुरुवात केली, आणि आजोबांची मान ताठ झाली. "खालचं धरण, जंगल नाका, दगडखाण, वीटभट्टी, रेल्वे फाटक..." नावं येत गेली, कोर्ट आलं, भाजी बाजार आला, पाण्याची टाकी आली, जुना पूल आला. जुन्या पुलाची माणसं पिशव्या उचलून अर्धवट उठली. पण आवाज थांबलाच नाही! "...पाण्याची टाकी, भाजी बाजार, कोर्ट..." यादी पुलावरून वळून परत निघाली होती. उठलेले तसेच अर्धे वाकून राहिले. चहावाल्याने किटली हवेतच धरली. खिडकीबाहेर मिस्त्री उभे होते, त्यांनी स्वतःचाही श्वास रोखून धरला होता. "...वीटभट्टी, दगडखाण, जंगल नाका, खालचं धरण..." तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, आवाज बारीक झाला पण तुटला नाही, आणि सगळ्यात शेवटी, नीट, अक्षर न् अक्षर, "वरचं धरण."

मग तिने श्वास सोडला. स्टँडवर कुणीच जागचं हललं नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा चौकीदार आजोबा सावकाश उठले, खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाई, मला गावाला नेऊन परत आणलंत, आणि पुन्हा गावाला पोचवलंत. आता गाडीत बसायची गरज आहे का?"

"बसा मुकाट्याने," मावशी म्हणाली, धापा टाकत, हसत, मोज्याने डोळे पुसत. "शेवटची आहे. ही चुकली तर आमच्याकडे यावं लागेल, आणि मिस्त्री पुन्हा हरतील."

आजोबा गाडीत जाऊन बसले. त्यांच्यामागून अख्खा स्टँड उठला.